गल्ल्यातला पैसा कुणाचा?

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात ‘मनी’ नावाचे एक छोटे गाव आहे. मनी म्हणजे पैसा. पण गावाला हे नाव पैशावरून मिळालेले नाही, ते एका सिनेटरच्या आडनावावरून मिळाले आहे. १९५५ साली या गावाचा पसारा तो किती? चारी बाजूंनी कापसाची शेते, एक जिनिंग, एक पोस्ट, एक शाळा आणि मोजकी दुकाने. त्यातल्या एका दुकानाचे नाव होते ‘ब्रायंट्स ग्रोसरी अँड मीट मार्केट’. रॉय ब्रायंट आणि कॅरोलिन ब्रायंट हे तरुण गोरे जोडपे ते चालवीत असे. पुढे दुकान, मागच्या खोल्यांत दोन लहान मुलांसह संसार. आपल्याकडे तालुक्याच्या गावी जसे किराणा दुकान असते, तसेच ते होते. या विस्तारलेल्या कुटुंबाची त्या भागात अशी आणखीही दुकाने होती.

या दुकानाचा इतिहास आंबेडकरी वाचकांनी मुद्दाम समजून घेतला पाहिजे. १९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरच्या नावावरून दलित पँथर उभी केली, तेव्हापासून तिकडच्या काळ्या माणसाच्या लढ्याशी आपले नाते सांगितले जाते. त्या नात्याविषयी आपण मोठमोठ्या सभांमधून बोलतो. पण दोन्हीकडचे साम्य नीट पाहायचे असेल, तर ते सभेच्या व्यासपीठापेक्षा दुकानाच्या काउंटरवर अधिक स्पष्ट दिसते.

ब्रायंट यांच्या दुकानाचे गिऱ्हाईक कोण होते? प्रामुख्याने आजूबाजूच्या कापसाच्या शेतांत राबणारे काळे मजूर आणि वाटेकरी. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडेच राहिली. त्या जमिनीवर काळी कुटुंबे वाट्याने शेती करीत. वर्षभराचे बी-बियाणे, मीठ-पीठ, कापडचोपड सगळे उधारीवर. वही मालकाची, भाव मालकाचा, व्याजही मालक लावील ते. कापूस वेचून झाला की हिशेब व्हायचा आणि बहुतेक वेळा राबणाऱ्याच्याच अंगावर बाकी निघायची. ती बाकी फिटेपर्यंत जमीन सोडता येत नसे आणि ती बहुधा फिटत नसे. ज्यांच्या घरात सावकाराच्या वहीवर आजोबांचा अंगठा उठला होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

ब्रायंट दांपत्य काही मोठे मळेवाले नव्हते. ते गरीब गोरेच होते. त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती, टीव्ही नव्हता. खारवलेली डुकराची चरबी, तपकीर, डब्यातले पदार्थ, गोळ्या-बिस्किटे आणि सोड्याच्या बाटल्या विकून ते पोट भरत होते, आणि तो माल घेणारे बहुतेक हात काळे होते. संध्याकाळी शेतातून सुटल्यावर काळी माणसे दुकानाच्या पडवीत जमत आणि चेकर्सचा पट मांडून खेळत बसत. म्हणजे दुकान गोऱ्याचे असले, तरी त्यातली वर्दळ काळ्यांची होती आणि गल्ला त्यांच्याच पैशाने भरत होता.

आणि तरीही त्या दुकानात मान कुणाचा? गोरा गिऱ्हाईक आला की आधी आलेल्या काळ्याने बाजूला सरायचे. बोलताना नजर खाली ठेवायची. पैसे द्यायचे ते काउंटरवर ठेवायचे, गोऱ्या बाईच्या हाताला हात लागता कामा नये. पैशाला विटाळ नाही, पण पैसे देणाऱ्या हाताला विटाळ आहे! आपल्या आयाबायांनी दुकानदाराच्या ओट्याखाली उभे राहून लांबून टाकलेली नाणी आठवा. माल वरून पदरात टाकला जायचा आणि नाण्यांवर पाणी शिंपडून ती गल्ल्यात घेतली जायची. दोन खंडांतल्या दोन व्यवस्था एकमेकींना न भेटता एकाच युक्तीपर्यंत पोहोचल्या होत्या. पैसा घ्यायचा आणि माणूस नाकारायचा.

२४ ऑगस्ट १९५५ रोजी संध्याकाळी या दुकानात एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा शिरला. तो शिकागोचा. सुट्टीत मिसिसिपीतल्या आपल्या आईच्या मावशीच्या यजमानांकडे, मोझेस राइट यांच्याकडे तो आला होता. त्याने दोन सेंटचा बबलगम घेतला. दुकानात तो कॅरोलिनसमोर एकटा होता तो जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात काय घडले याविषयी कॅरोलिन ब्रायंटने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे सांगितले. बाहेर आल्यावर त्याने शीळ घातली, असे त्याच्या बरोबरच्या भावंडांनी सांगितले. बस्स, अपराध एवढाच! २८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मिलम यांनी त्या मुलाला घरातून उचलून नेले. ३१ ऑगस्टला टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. गळ्याला काटेरी तारेने जिनिंगमधला लोखंडी पंखा बांधलेला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

मुलाची आई मेमी टिल हिने जे केले, त्याला इतिहासात तोड नाही. तिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते साऱ्या जगाने पाहिले पाहिजे, हा तिचा आग्रह होता. हजारो लोकांनी रांगा लावून ते प्रेत पाहिले. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने छायाचित्रे छापली. ज्यांच्या वेदनेला गोऱ्यांची वृत्तपत्रे जागा देत नव्हती, त्यांची स्वतःची वृत्तपत्रे असण्याचे मोल काय असते, हे या एका प्रसंगाने सिद्ध केले. ‘मूकनायक’पासून सुरू झालेली परंपरा सांगणाऱ्या वाचकाला यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये समनर येथे खटला चालला. ज्युरीत बारा जण, बाराही गोरे पुरुष. काळी माणसे मतदार यादीतच येऊ दिली जात नव्हती, मग ज्युरीत कुठून येणार? मतदानाचा हक्क आणि न्याय यांचा संबंध तो हा! आरोपींच्या बचावासाठी त्या भागातल्या दुकानांच्या काउंटरवर बरण्या ठेवून पैसे गोळा केले गेले. म्हणजे खुनाची सबब दुकानातली आणि खुन्यांच्या वकिलांचा निधीही दुकानातलाच. मोझेस राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून दोघाही गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवले. मिसिसिपीत काळ्या माणसाने असे करणे म्हणजे मरणाला आमंत्रण होते. पुढे त्यांना राज्य सोडून शिकागोला जावे लागले. ज्युरीने ६७ मिनिटांत आरोपी निर्दोष ठरवले. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ नियतकालिकाने त्याच दोघांची कबुली छापली. पैसे घेऊन त्यांनी पत्रकार विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई याला सांगितले की होय, आम्हीच मारले. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, म्हणून कायदा हात चोळत बसला. खैरलांजीनंतर न्यायालयाच्या पायऱ्या मोजलेल्या समाजाला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही.

येथपर्यंतची हकीगत अनेकांना माहीत असते. पुढची हकीगत फारशी सांगितली जात नाही, आणि आपल्या कामाची आहे ती पुढचीच.

ज्युरीने सोडले, पण गिऱ्हाइकाने सोडले नाही. काळी माणसे ब्रायंटच्या दुकानात येईनाशी झाली. ज्या पडवीत पट मांडले जात, ती ओस पडली. १९५७ च्या जानेवारीत त्याच ह्यूईने त्याच नियतकालिकात दुसरा लेख लिहिला, तेव्हा मनी येथील दुकानच नव्हे, तर या कुटुंबाची शेजारच्या गावांतली दुकानेही बंद पडलेली किंवा विकली गेलेली होती. मिलमला शेतीसाठी जमीन मिळणे आणि काळे मजूर मिळणे अवघड झाले. खटल्यात ज्या गोऱ्या समाजाने पाठीशी उभे राहून निधी गोळा केला, तोही आता त्यांना जवळ करीना. पुढे ब्रायंट राज्य सोडून गेला, परत आला आणि पुन्हा किराणा दुकानच काढले. १९८० च्या दशकात गरिबांसाठीच्या सरकारी अन्न-कुपनांत लबाडी केल्याबद्दल त्याला दोनदा दोषी ठरवण्यात आले. चौदा वर्षांच्या मुलाच्या खुनाबद्दल नाही, कुपनांबद्दल! १९९४ साली तो मेला.

येथे कुणी म्हणेल, दुकान बंद पडले म्हणजे न्याय झाला काय? मुळीच नाही. दुकानाच्या फळ्या लागल्याने आईला मुलगा परत मिळत नाही. पण ज्यांच्याकडे मत नव्हते, जमीन नव्हती, न्यायालय नव्हते, पोलीस नव्हते, त्यांच्या हातात एकच गोष्ट होती. मुठीतली नाणी. ती त्यांनी मिटून धरली. आपल्या पैशावर जगणाऱ्याला आपला पैसा नाकारणे, हे निःशस्त्र माणसाचे शस्त्र आहे.

ते शस्त्र आधीपासून परजले जात होते. डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड हे मिसिसिपीतले काळे शल्यचिकित्सक. त्यांच्या संघटनेने १९५२ साली मोहीम काढली होती: जिथे आम्हाला स्वच्छतागृह वापरू देत नाहीत, त्या पंपावर आम्ही पेट्रोल भरणार नाही. गाड्यांवर तसे कागद चिकटवले गेले आणि अनेक पंपांवर काळ्यांसाठी स्वच्छतागृहे उभी राहिली. हेच डॉ. हॉवर्ड २७ नोव्हेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरातल्या सभेत एमेट टिलच्या खुनावर बोलले. श्रोत्यांमध्ये रोझा पार्क्स नावाची शिवणकाम करणारी एक बाई बसली होती. चार दिवसांनी, १ डिसेंबरला, तिने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला आणि ३८१ दिवस चाललेला बस-बहिष्कार सुरू झाला. बसही शेवटी काळ्यांच्याच तिकिटांवर चालत होती!

परंतु शस्त्राला दोन धारा असतात. बहिष्काराचे शस्त्र गोऱ्यांकडेही होते, आणि ते कितीतरी धारदार होते. जुलै १९५४ मध्ये मिसिसिपीतल्या इंडियानोला येथे गोऱ्या प्रतिष्ठितांनी ‘सिटिझन्स कौन्सिल’ स्थापन केली. १९५५ साली याझू सिटी गावात ५३ काळ्या पालकांनी शाळांमधला वर्णभेद संपवावा म्हणून अर्जावर सह्या केल्या. कौन्सिलने त्यांची नावे वर्तमानपत्रात छापली. कुणाची नोकरी गेली, कुणाची उधारी बंद झाली, कुणाला किराणा मिळेना. बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या. भ्याड म्हणून नव्हे. घरात पीठ नव्हते म्हणून.

आणि दुकान काळ्याचे असले तर? बेलझोनी गावात गस कोर्ट्स हे काळे गृहस्थ छोटे किराणा दुकान चालवीत. त्यांनी काळ्यांना मतदार म्हणून नोंदवण्याचे काम हाती घेतले. घाऊक व्यापाऱ्यांनी त्यांची उधारी तोडली. त्यांचे सहकारी रेव्हरंड जॉर्ज ली, तेही धर्मोपदेशक आणि किराणा दुकानदार, यांना ७ मे १९५५ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले. कोर्ट्स हटले नाहीत. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्यांच्या दुकानातच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. ते वाचले, पण गाव सोडून शिकागोला गेले. दोन्ही प्रकरणांत कुणालाही शिक्षा झाली नाही. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एका गोऱ्याचे दुकान गिऱ्हाइकांनी बंद पाडले आणि एका काळ्याचे दुकान पुरवठादारांनी आणि बंदुकीने बंद पाडले. दुकानाचे अर्थशास्त्र कळायला या दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

बाबासाहेबांनी या दोन्ही वह्या फार आधी वाचल्या होत्या. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली, तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांना माल विकायचा नाही असे ठरवले. धान्य-सामान बाहेरून आणावे लागले. मंडपाला जागा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने दिली. म्हणजे पाण्याच्या त्या लढ्यात दुकानेही विरोधी बाजूला उभी होती. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्काराची जी वर्णने आहेत, त्यांत गावच्या वाण्यावर दबाव आणून अस्पृश्यांना जिन्नस विकणे बंद पाडले जाते, याची नोंद आहे. म्हणूनच गोलमेज परिषदेपुढे त्यांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी केली. खुद्द त्यांनी परदेशातून परतल्यावर शेअर व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके आटली आणि पेढी बंद करावी लागली. कोलंबियाची विद्या होती, पण जातीने काउंटर ओलांडू दिला नाही.

हा अनुभव घेऊनच ते घटना समितीत उभे होते. आज घटनेच्या पंधराव्या कलमात दुकानांमध्ये प्रवेशाबाबत जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे म्हटले आहे. या तरतुदीवर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे काय, असा प्रश्न विचारला गेला. बाबासाहेबांनी सांगितले की दुकान या शब्दाचा अर्थ केवळ आत शिरण्याची जागा असा घ्यायचा नाही. मोबदला घेऊन येईल त्याला सेवा देण्यास जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. मग तो धोबी असो, न्हावी असो की डॉक्टर. किती दूरचे पाहिले होते या माणसाने! पुढे अस्पृश्यता (अपराध) कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला आणि माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा झाला. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत एमेट टिल मारला गेला. त्या वेळी मिसिसिपीत असा कायदा नव्हता. अमेरिकेला सार्वजनिक जागांमधला वर्णभेद बंद करणारा नागरी हक्क कायदा १९६४ साली मिळाला, आणि एमेट टिलच्या नावाने झुंडबळीविरोधी कायदा तर थेट २०२२ साली! आपल्याकडे २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात आर्थिक व सामाजिक बहिष्कार हाही गुन्हा झाला, तो २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे.

कायदा झाला म्हणून प्रश्न मिटला काय? गावात निळा झेंडा लागला, मिरवणुकीवरून वाद झाला, एखाद्या बहिणीने तक्रार नोंदवली की सर्वांत आधी काय बंद होते? किराणा दुकान आणि पिठाची गिरणी. गुन्हा नोंदवता येतो, नोंदवलाच पाहिजे. पण फिर्याद लिहून होईपर्यंत चूल पेटवायला मीठ-पीठ लागते. याझू सिटीच्या पालकांनी सह्या मागे घेतल्या त्या याच ठिकाणी.

म्हणून केवळ ‘त्यांच्या दुकानात जाऊ नका’ असे व्यासपीठावरून सांगून भागणार नाही. जायचे कुठे, याचे उत्तर तयार पाहिजे. आपण शाळा काढल्या, वसतिगृहे काढली, विहारे बांधली. यांचे मोल कमी नाही. पण बाजारपेठेत आपला गाळा किती, घाऊक बाजारात आपली पत किती, आपल्या वस्तीचा महिन्याचा किराणा कुणाच्या गल्ल्यात जातो, हा हिशेब आपण किती वस्त्यांत मांडला? चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे उसळणारी गर्दी हेच सांगते की आपल्या समाजाकडे पैसा अगदीच नाही असे नाही. तो फिरतो, पण आपल्या हातात थांबत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, हा भांडवलशाहीचा मार्ग झाला. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे. आपल्यातला एखादा दुकानदार गबर झाला आणि त्यानेही वस्तीतल्या विधवेला उधारीच्या वहीत अडकवले, तर वर्ण बदलला, वही तीच राहिली. म्हणून उत्तर एकट्या शेठजीत नाही, ते सहकारात आहे. मिसिसिपीत गोऱ्या बँकांनी पत तोडली, तेव्हा डॉ. हॉवर्ड आणि काळ्यांच्या संघटनांनी लोकांना आवाहन केले की मेम्फिसमधल्या काळ्यांच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवी ठेवा. त्या ठेवींतून बहिष्कृत शेतकऱ्यांना आणि दुकानदारांना कर्जे दिली गेली. दहा वस्त्यांनी मिळून एक ग्राहक भांडार, बचत गटांच्या महिलांनी मिळून एक गिरणी, घाऊक खरेदी एकत्र, हिशेब सर्वांसमोर. यात क्रांतीची भाषा नाही, पण बहिष्काराच्या दिवशी हेच भांडार वस्तीला तारील.

ब्रायंटचे दुकान आज छप्पर कोसळलेल्या, वेलींनी वेढलेल्या भिंतींच्या रूपात उभे आहे. ती मालमत्ता ज्युरीतल्या एका सदस्याच्या वारसांकडे गेली. शेजारच्या जुन्या पेट्रोल पंपाची दुरुस्ती नागरी हक्कांच्या स्मृतीसाठी असलेल्या सरकारी निधीतून झाली, दुकान मात्र तसेच पडून राहिले. २०११ साली समोर माहितीचा फलक लागला. पुढे कुणीतरी त्याच्यावरची अक्षरे आणि चित्रे खरवडून काढली. इतिहास पुसणारे हात तिकडेही आहेत. पण त्या पडक्या भिंती ज्यांच्या पैशावर उभ्या होत्या, त्यांनी पैसा काढून घेतला तेव्हा त्या पडल्या, हे कुणाला खरवडून काढता येणार नाही.

तेव्हा येत्या महिन्याच्या वस्तीच्या बैठकीत एक साधा विषय ठेवा. आपल्या किती घरांचा किती रुपयांचा किराणा कुठून येतो, आणि उद्या ते दुकान आपल्यासाठी बंद झाले तर परवा आपण काय खाणार. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडा. जयंतीच्या वर्गणीइतकाच हा हिशेबही चळवळीचे काम आहे.